साठवलेल्या विजेचा मालक कोण?

वीज साठवता येत नाही, हे वाक्य अर्थशास्त्राच्या वर्गात मी तीसहून अधिक वर्षे उच्चारीत आलो. गहू कोठारात भरता येतो, कापूस गाठी बांधून ठेवता येतो. वीज मात्र निर्माण होईल त्याच क्षणी खपली पाहिजे. म्हणून वीजकेंद्रे, वाहिन्या, उपकेंद्रे ही सारी वर्षातील काही मोजक्या अवघड तासांसाठी बांधावी लागतात आणि उरलेला काळ ती अर्धीमुर्धी रिकामी राहतात. कमाल मागणीचे अर्थशास्त्र म्हणून जे काही आम्ही शिकवीत असू, त्याचा सारा डोलारा या एका वाक्यावर उभा होता. पाणी वर चढवून ठेवणाऱ्या घाटघरसारख्या प्रकल्पाचा अपवाद मी जाता जाता सांगत असे, आणि विद्यार्थी तो परीक्षेत विसरत. निवृत्तीनंतर ते वाक्यच मोडीत निघालेले पाहण्याचा योग आला. त्याचे मला दुःख नाही. दुःख आहे ते याचे, की वीज साठवता येऊ लागताच तिच्या साठेबाजीची भाषाही सुरू झाली, आणि तिला प्रगतीचे नाव देण्यात येत आहे.

विषय बॅटरी अदलाबदल केंद्रांचा आहे. विजेवर चालणाऱ्या दुचाकीची किंवा रिक्षाची बॅटरी तासन्‌तास चार्ज करीत बसण्याऐवजी चालकाने केंद्रावर यावे, रिकामी बॅटरी कपाटात सरकवावी, भरलेली काढून घ्यावी आणि दोन मिनिटांत मार्गस्थ व्हावे, ही ती योजना. १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्र्यांनी तिच्यासाठी धोरण जाहीर करण्याचे आश्वासन दिले. एप्रिल २०२२ मध्ये नीती आयोगाने मसुदा काढला. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना दिल्या. इथवर वादाचे कारण नाही. परंतु आता या योजनेला एक नवा दावा जोडला जात आहे. केंद्रात भरून पडलेल्या बॅटऱ्या या केवळ वाहनांसाठी नाहीत. संध्याकाळी वितरण जाळ्यावर ताण आला की त्या जाळ्याला वीज परत देऊ शकतील. त्यामुळे तारा आणि रोहित्रे न वाढवता जाळ्याची क्षमता वाढेल. आणि म्हणून या क्षमतेबद्दल केंद्रचालक कंपन्यांना वितरण कंपनीने स्वतंत्र मोबदला दिला पाहिजे, असा तो दावा आहे.

यातील तांत्रिक भाग खरा आहे, हे आधीच मान्य करतो. आपल्या बाजूच्या काही मित्रांना बॅटरी म्हटली की भांडवलदारांचे नवे खेळणे दिसते. त्यांच्याशी मी सहमत नाही. ज्या गोष्टीचा गरिबाला उपयोग होऊ शकतो ती केवळ श्रीमंताच्या हाती आहे म्हणून झिडकारणे हा समाजवाद नव्हे, तो रुसवा झाला.

मी नागपुरात राहतो. कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीजकेंद्रे आमच्या उशाशी आहेत. त्यांची राख आम्ही श्वासात घेतो. तरीही मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, रात्री दहा-अकराच्या सुमारास जुन्या वस्त्यांतील डीपी, म्हणजे रोहित्र, दगा देते. गल्लीतील प्रत्येक घरात कूलर घरघरत असतो, काही घरांत वातानुकूलन यंत्र आलेले असते, आणि त्यातच आता ई-रिक्षा रात्रभर चार्ज करायला लावलेल्या असतात. फ्यूज उडतो, माणसे गच्चीवर जातात, वायरमनची वाट पाहिली जाते. हा विजेचा तुटवडा नव्हे. त्या क्षणी ग्रीडमध्ये वीज असते. तुटवडा असतो तो शेवटच्या अर्ध्या किलोमीटरच्या तारेचा आणि त्या एका डीपीचा. विजेचा तुटवडा आणि तारेचा तुटवडा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडील वीजविषयक चर्चेचा निम्मा गोंधळ त्या एक मानण्यातून होतो.

आता त्या गल्लीच्या तोंडाशी एक अदलाबदल केंद्र आहे असे समजा. हिशेब सोपा ठेवू. डीपी २०० केव्हीएची. केंद्रात दीड युनिट साठवणाऱ्या ६० बॅटऱ्या, म्हणजे एकूण ९० युनिटे. रात्री दहा वाजता या साऱ्या बॅटऱ्या दोन तासांत भरण्यासाठी लावल्या, तर केंद्र डीपीवरून ४५ किलोवॅट ओढील. आधीच वाकलेल्या डीपीच्या पाठीवर तिच्या क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याहून मोठे ओझे पडेल आणि सारी गल्ली अंधारात जाईल. उलट त्याच बॅटऱ्या सौरऊर्जेच्या भर दुपारी भरून ठेवल्या आणि रात्री त्यांतील निम्मी वीज तीन तासांत गल्लीला परत दिली, तर १५ किलोवॅटचा आधार मिळेल. भार आणि आधार यांतील अंतर ६० किलोवॅटचे. तीच पेटी, त्याच बॅटऱ्या; त्या गल्लीचा शत्रू ठरतात की मित्र, हे चार्ज करण्याची वेळ कोण ठरवतो यावर अवलंबून आहे.

पण हा हिशेब आणखी एक गोष्ट सांगतो, आणि दावेदार मंडळी नेमकी तीच सांगायची विसरतात. ६० किलोवॅटच्या या फरकातील ४५ किलोवॅट, म्हणजे तब्बल पाऊण हिस्सा, केंद्राने वीज परत दिल्यामुळे मिळालेला नाही. अडचणीच्या वेळी चार्ज करणे थांबवल्यामुळे तो मिळाला आहे. त्यासाठी बॅटरी झिजत नाही, महागडे इन्व्हर्टर लागत नाही. लागते ते केवळ एक बटण बंद करणे. जो भार केंद्राने स्वतःच गल्लीत आणला, तो अडचणीच्या वेळी उतरवून ठेवल्याबद्दल मजुरी मागण्याचा हा प्रकार आहे. माझ्या शेजाऱ्याने माझ्या दारात बैलगाडी उभी करावी आणि ती हलवण्याचे भाडे मजकडून घ्यावे, त्यातलाच.

या योजनेचे पुरस्कर्ते तैवानचा दाखला देतात, तो योग्यच आहे. तेथील गोगोरो या कंपनीची हजारो अदलाबदल केंद्रे आहेत. ३ मार्च २०२२ रोजी तैवानात मोठा वीजबिघाड झाला, तेव्हा तिच्या शेकडो केंद्रांनी ग्रीडची वारंवारता ढासळताच वीज ओढणे आपोआप थांबवले. हे कौतुकास्पद आहे. पण त्या केंद्रांनी केले ते काय? ओढणे थांबवले. हीच कंपनी जानेवारी २०२३ मध्ये दावोस येथे एका भारतीय भागीदारासह महाराष्ट्र शासनाशी आठ वर्षांत अडीच अब्ज डॉलर गुंतवणुकीचा सामंजस्य करार करून गेली. दावोसच्या करारांना आपल्याकडे जी प्रसिद्धी मिळते तिच्या दशांशानेही त्यांच्या पुढील हकिकतीला मिळत नाही, म्हणून येथे आठवण दिली. अधिक काही म्हणत नाही.

मोबदल्याची मागणी करणारे यावर म्हणतात, वीजदरातूनच योग्य संकेत द्या, बाजार आपोआप वाट काढील. संकेत दिलेले आहेत. सप्टेंबर २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी चार्जिंग केंद्रांसाठी सकाळी नऊ ते दुपारी चार या सौरकाळात सरासरी पुरवठाखर्चाच्या ०.७ पट आणि उरलेल्या वेळेत १.३ पट अशी वीजदराची मर्यादा घातली. म्हणजे दुपारी बॅटरी भरणाऱ्याला दराच्या रूपाने बक्षीस मिळतेच. वर क्षमतेचा मोबदला देणे म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे देणे. शिवाय या दराला दिवस आणि रात्र कळते, गल्ली कळत नाही. रात्रीचे अकरा आणि पहाटेचे चार हे दोन्ही त्याच्या लेखी सारखेच. डीपीच्या दृष्टीने मात्र पहिला काळ मरणाचा आणि दुसरा विश्रांतीचा. बाजाराच्या संकेताला जे दिसत नाही ते पाहण्यासाठी नियोजन लागते. हा शब्द आता कुणी उच्चारीत नाही, तरी उच्चारतो.

क्षमतेचा मोबदला हा शब्दप्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने दाभोळ वीज कंपनीशी करार केला. त्यात वीज घ्या अथवा घेऊ नका, क्षमता उपलब्ध असल्याबद्दल ठरावीक आकार द्यावाच लागेल, अशी व्यवस्था होती. त्या वेळीही आम्हाला तांत्रिक आकडे दाखवण्यात आले. क्षमतेची राज्याला गरज आहे, हे तर खोटे नव्हतेच. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले, प्रकल्प बंद पडला, माधव गोडबोले समितीने त्या व्यवहाराची चिरफाड केली, आणि एन्रॉन त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत दिवाळखोर झाली. कोकणच्या किनाऱ्यावरील त्या राक्षसी प्रकल्पाची गल्लीतील कपाटाशी तुलना करणे अतिशयोक्तीचे आहे, असे कुणी म्हणेल. आकाराने आहेच. पण अशी हजारो कपाटे आणि प्रत्येकाचा दहा-पंधरा वर्षांचा करार, अशी कल्पना करून पाहावी. दाभोळ एक होते, म्हणून ते डोळ्यांवर आले. विखुरलेले दाभोळ वीजबिलाच्या एखाद्या ओळीत विरघळून जाईल आणि ती ओळ कुणी वाचणार नाही.

याहून गंभीर प्रश्न जबाबदारीचा आहे. केंद्र आहे म्हणून वितरण कंपनीने डीपी वाढवली नाही, यालाच तर क्षमता वाचवणे म्हणतात. मग चार वर्षांनी केंद्रचालक कंपनीचे गणित जमले नाही आणि तिने शटर ओढले, तर? हा काल्पनिक प्रश्न नाही. मोटारींच्या बॅटऱ्या बदलून देणारी बेटर प्लेस ही कंपनी २००७ साली निघाली, सुमारे पंच्याऐंशी कोटी डॉलर भांडवल तिने उभे केले, इस्राएल आणि डेन्मार्कमध्ये केंद्रांचे जाळे टाकले, आणि मे २०१३ मध्ये ती दिवाळ्यात गेली. इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. महावितरणने वितरणाचे काम खाजगी फ्रँचायझींना दिले, त्याचा इतिहास पाहावा. औरंगाबादेत २०११ साली आलेली कंपनी २०१४ मध्ये गेली. जळगावात आलेली २०१५ मध्ये गेली. आमच्या नागपुरात महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स या तीन विभागांची सूत्रे मे २०११ मध्ये खाजगी हाती गेली. पुढच्याच वर्षी ते हात बदलले. आणि सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीने असमर्थता दाखवल्यावर महावितरणने सारा पसारा परत पदरात घेतला. भिवंडीत २००७ पासून आलेली कंपनी टिकली आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. परंतु चारांतील तीन ठिकाणी जे घडले ते अपघात म्हणून सोडून देण्याजोगे नाही. खाजगी कंपनीला निघून जाण्याचे स्वातंत्र्य असते. डीपीखाली राहणाऱ्या माणसाला ते नसते.

आणि या साऱ्या चर्चेत, ज्याच्या नावाने ती चालली आहे तो चालक कुठे आहे?

मला ज्याच्या ई-रिक्षाने सीताबर्डीला जाण्याची सवय आहे, त्याने गेल्या वर्षी जुन्या शिसे-आम्लाच्या चार बॅटऱ्या टाकून दिल्या. रात्रभर चार्ज कराव्या लागत आणि वर्षभरातच दम तोडीत. आता तो भाड्याची बॅटरी वापरतो. सुरुवातीला खूष होता. पुढे एका संध्याकाळी, सवारी सोडून बॅटरी बदलायला गेला तेव्हा केंद्रावर सहा जण उभे होते, आणि पाऊण तासाने हाती आलेली बॅटरी पुरती भरलेलीही नव्हती. पैसे मात्र पुरत्या बॅटरीचे. कुठल्या कंपनीचे केंद्र, हे सांगण्यात अर्थ नाही. कुठेही असेच होईल, कारण संध्याकाळी सात ते दहा ही त्याची कमाईची वेळ आहे आणि घरोघर जेवण पोचवणाऱ्या मुलांचीही तीच. नेमक्या याच वेळी जाळ्याला वीज परत द्यायची, असे ही योजना म्हणते. केंद्रचालकाला वाहनाला बॅटरी देण्यापेक्षा जाळ्याला वीज विकणे अधिक किफायतशीर झाले, तर रांगेत उभा कोण राहील, हे सांगायला पदव्युत्तर शिक्षण लागत नाही.

रांगेची किंमत काय असते, हे नागपूरने पूर्वीही पाहिले आहे. मे २०१७ मध्ये ओलाने येथे विजेवरील टॅक्सींचा मोठा गाजावाजा झालेला प्रयोग सुरू केला, मंत्री आले, फिती कापल्या गेल्या. आणि वर्ष उलटण्यापूर्वीच चालक चार्जिंगसाठी तासन्‌तास ताटकळावे लागते, डिझेलची गाडी बरी, असे म्हणू लागले. अदलाबदल केंद्रे त्या रांगेवरचा उतारा म्हणून आली. त्या उताऱ्यातच पुन्हा रांग मिसळायची असेल तर निदान ती कुणाच्या फायद्यासाठी, हे चालकाला विचारायला हवे.

शिवाय बॅटरी वारंवार भरली-रिकामी केली की झिजते. गल्लीला वीज पुरवताना होणारी झीज कुणाच्या खाती मांडायची? ती भाड्यात मिसळून चालकावर टाकणे सर्वांत सोपे, कारण भाड्यावर कुणाचे नियंत्रण नाही, आणि चालकाला दुसरा पर्यायही ठेवलेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये होंडाने काढलेल्या अ‍ॅक्टिवा ई या स्कूटरची बॅटरी घरी चार्ज करण्याची सोयच नव्हती. कंपनीच्या केंद्रावर जाणे भाग. प्रत्येक कंपनीची बॅटरी निराळी, खाच निराळी, कुलूप निराळे. नीती आयोगाच्या २०२२ च्या मसुद्यात निदान एकाची बॅटरी दुसऱ्याच्या वाहनाला चालावी असा आग्रह होता. तो मसुदा मसुदाच राहिला. कराची गंमत तर पाहा: बॅटरीसकट वाहन घेणाऱ्यास ५ टक्के वस्तू व सेवा कर, आणि सुट्या बॅटरीवर १८ टक्के. ज्याची ऐपत भाड्याच्या बॅटरीपुरतीच आहे, त्याच्याच वाट्याला चढा दर यावा, हे आपल्या करव्यवस्थेच्या स्वभावाला धरूनच झाले.

आणखी एक माणूस विसरला जातो, तो खांबावर चढलेला. वाहिनी बंद आहे असे समजून काम करणाऱ्या वायरमनच्या अंगावर कुणाच्या तरी जनित्रातून वा इन्व्हर्टरमधून उलटा प्रवाह येतो आणि माणूस जातो. अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. गल्लोगल्ली वीज परत देणारी केंद्रे उभी करायची, तर वाहिनी बंद होताच केंद्र तिच्यापासून तुटलेच पाहिजे, आणि त्याची तपासणी वितरण कंपनीच्या माणसाने केली पाहिजे. खांबावर चढणाऱ्यांत कंत्राटी कामगार किती असतात, हे महावितरणला ठाऊक आहे.

मग करावे काय? १९४३ साली, व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रमखाते सांभाळताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विद्युतशक्तीविषयक धोरणसमितीच्या अध्यक्षपदावरून पहिलाच प्रश्न मालकीचा उपस्थित केला होता: वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी? वीज स्वस्त आणि मुबलक हवी, या हेतूने त्यांनी तो विचारला. पुढे १९४८ चा कायदा झाला, राज्य वीज मंडळे आली. तोच प्रश्न आज बॅटरीबाबत विचारला पाहिजे. गल्लीतील डीपीचा भार वाहणारी बॅटरी हा वितरण जाळ्याचाच भाग असेल, आणि आहे असे कंपन्याच म्हणत आहेत, तर ती जाळ्याप्रमाणेच सार्वजनिक असली पाहिजे. वितरण जाळे सुधारण्यासाठी केंद्राने २०२१ साली ३,०३,७५८ कोटी रुपयांची योजना आखली. त्यातील थोडा अंश डीपी बदलण्याऐवजी डीपीखालच्या बॅटऱ्यांवर खर्च करून पाहायला काय हरकत आहे? उपकेंद्रांच्या आवारात जागा आहे, एसटीच्या आगारांत जागा आहे. कपाटे, तारा, मीटर महावितरणचे. बॅटरी एका ठरावीक मापाची. केंद्र चालवावे चालकांच्या सहकारी संस्थेने. भाडे ठरवावे वीज नियामक आयोगाने, जनसुनावणी घेऊन.

सहकाराचे नाव काढले की मुळा-प्रवरेची आठवण करून देणारे भेटतात. द्यावी. वीज वितरणाची ती सहकारी संस्था थकबाकीच्या डोंगराखाली दबली आणि २०११ साली तिचे काम महावितरणकडे गेले. ती बुडाली ती सभासदांची होती म्हणून नव्हे. पुढाऱ्यांची झाली म्हणून. महावितरणच्या कारभाराचेही मी गोडवे गाणार नाही. वीज गेल्यावर तक्रार केंद्राचा फोन मीही लावलेला आहे. परंतु महावितरणला आयोगासमोर उभे करता येते, तिचे हिशेब मागता येतात. भाड्याच्या बॅटरीचा हिशेब चालकाला कुठे मागता येतो?

हे सारे होईतो खाजगी केंद्रे उभी राहतच जाणार. त्यांना जोडणी देतानाच अट घालावी, की डीपीवर ताण असेल त्या वेळी वितरण कंपनीच्या सूचनेनुसार चार्जिंग थांबेल, आणि त्याबद्दल एक पैही मिळणार नाही. उलटी वीज घ्यायचीच असेल, तर आधी दारात उभ्या असलेल्या वाहनांना भरलेल्या बॅटऱ्या, मग उरलेल्यातून गल्लीला. दर बॅटरीच्या झिजेच्या हिशेबाने, आणि त्या रकमेतून चालकाचे भाडे कमी झालेले पावतीवर दिसले पाहिजे.

आयोगाच्या जनसुनावण्या नागपुरातही होतात. पुढील सुनावणीत ही हरकत लेखी नोंदवण्याचे मी ठरवले आहे आणि माझ्या रिक्षावाल्यालाही सोबत चला म्हटले. तिथे आपल्यासारख्याला बोलू देतात का, असे त्याने विचारले. देतात, म्हणालो. सुनावणी दिवसा असते की रात्री, हा त्याचा दुसरा प्रश्न. दिवसा, म्हटल्यावर तो थोडा थांबला. त्या दिवसाचे बॅटरीचे भाडे बुडत नाही, गुरुजी, म्हणाला. येतो, पण मला आधी बोलू द्या.